धारवाडकर साहेबांचे विशेष आभार

अगं निशिगंधा, ऐक ना, आत्ताच टाउन हॉलमधून येतेय, जाम मजा आली! आपल्या शहराच्या इतिहासावर व्याख्यानमाला चाललीय ना, तिथे आज उपायुक्त धारवाडकर साहेब होते. वारसा जपा, वारसा जपा, असं तासभर बोलले. आणि आपलं शंभर वर्षांचं वाचनालय पाडून तिथे पार्किंग करायला निघालेत तेही हेच! लोकांनी त्यावर भराभर प्रश्नांच्या चिठ्ठ्या पाठवल्या. साहेबांनी एकही न वाचता सगळ्या खिशात कोंबल्या. म्हणे, "वेळ संपली, घरी निवांत वाचतो."

मग आभार मानायला उठल्या वाचनालयाच्या हंसाताई. आभाराच्या मधे कोण बोलणार गं? एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "साहेबांचे विशेष आभार. एकही चिठ्ठी त्यांनी वाया जाऊ दिली नाही. सगळ्या घरी वाचून सोमवारी अकरा वाजता वाचनालयातच उत्तरं द्यायला येताहेत. तोपर्यंत तिथली एक वीटही हलणार नाही."

टाळ्या थांबेचनात! फोटोवाले पुढे धावले. साहेब घाम पुसत उठले, हात जोडले आणि म्हणाले, "येतो ना, येतो."

खरं सांग, साहेबांच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?