नरसिंहाची जीभ

"महाराज, आणखी एकदा मारू का?"

सौमित्रने विचारलं. मठातल्या लाकडी नरसिंहाच्या तोंडावर पिढ्यान्‌पिढ्यांची दिव्याची काजळी साचलेली. ती लेझरने उडवायला हा शहरातून आला होता. गडी हुशार, यात वाद नाही. फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं!

अच्युतस्वामी काठी टेकत जवळ आले.

"काय राहिलंय?"

"जिभेवरची काजळी. निघतच नाही."

"मारलं की काय होतं?"

"अजून..."

सौमित्र थांबला.

"अजून काळी होते."



आणि मग सौमित्रने वाकून जीभ नीट पाहिली. ती काजळी नव्हतीच. काजळी पहिल्याच फटक्यात उडाली होती. खाली होता जुना हिंगूळ, पाऱ्याचा लालभडक रंग. हिंगुळाला लेझर सोसत नाही, तो काळा पडतो. हे त्याने वाचलं होतं, चार जणांना शिकवलंही होतं! रीत अशी की प्रत्येक रंगावर आधी कोपऱ्यात थोडंसं करून बघायचं. याने काल आयाळीच्या पिवळ्यावर बघितलं, झकास निघालं, आणि हा सरळ तोंडाला भिडला.

"महाराज... जीभ मीच जाळली."

बाहेर अंगणात सडा पडत होता. संध्याकाळी सगळं गाव देवाचं उजळलेलं तोंड बघायला येणार होतं.

"वरून लाल रंग लावतो," तो घाईघाईने म्हणाला. "कुणाला कळणार नाही."

"तुला?"

सौमित्रने मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"नाही लावत. गावाला मीच सांगतो... काय बोलायचं ते बोलू देत."

"बरं. आणि डोळे?"

डोळे अजून काजळीखालीच होते. त्यांच्या कडांनाही तोच हिंगूळ असणार. सौमित्रने लेझर बंद केला.

"तिथे लेझर नको. कापसाच्या बोळ्याने, हळूहळू करायला हवं. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो, महाराज. चांगला माणूस पाठवतो."

स्वामींनी कापसाचा पुडा उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"तू कर."

"मी? अहो, जीभ गेली, आता डोळेही घालवू?"

"तू कर."

"महाराज, हात बघा माझा! कसा लटलटतोय!"

स्वामींनी तो हात आपल्या हातात घेतला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"काल अगदी स्थिर होता रे," ते म्हणाले. "म्हणून मला रात्रभर झोप लागली नाही."