गडग्यातली वाट

वेळणेवाडीत पहिल्यांदा येणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. इथल्या प्रत्येक दोन घरांमध्ये जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत आहे, आणि प्रत्येक गडग्यात, जमिनीलगत, माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा सोडलेली आहे. कुणाला वाटते कोंबड्यांसाठी असेल, कुणाला वाटते गवंडी आळशी असतील. पाहुण्यांनो, आमचे गवंडी आळशी आहेतच, पण ही जागा त्यांनी सोडलेली नाही. ती भागू तांडेलिणीची वाट आहे.

आता तुम्ही ज्या गार सावलीत बसला आहात तिथे त्या काळी उघडा कातळसडा होता असे सांगतात. करवंदीची जाळी तेवढी जगायची, आणि विहीर होळीलाच तळ दाखवायची. त्या सड्याच्या कडेला भागूचे घर होते. तिचा नवरा राघू तांडेल गलबतावर असे. एकदा तो दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटांवरून परतला तो करवंटीत बोटभर रोप घेऊन. "सांभाळ गो हेका," तो म्हणाला, "माझ्या वाटणीचा पाणी घालून हाडलंय."

त्याच पावसाळ्यात राघू तापाने गेला. पोरबाळ नव्हते. भागूने ते रोप परसात लावले आणि गावच्या सातेरीदेवीपुढे आण घेतली, की जिवात जीव आहे तोवर या झाडाला लोखंड लागू देणार नाही. फांदी तोडायची नाही, साल खरवडायची नाही. फळसुद्धा ती हातानेच पिरगळून काढायची म्हणे, आणि चिकाने बरबटलेले हात घेऊन झाडाशी गप्पा मारत बसायची.

ते होते नीरफणसाचे झाड. या भागात तोवर कुणी पाहिले नव्हते. हाताच्या पंजासारखी, पण सुपाएवढी पाने, आणि ऐन श्रावणात, घरातले धान्य सरत आलेले असताना, हिरवी गोल फळे. तव्यावर त्याचे काप परतले की वास चार घरे जायचा. शेजारची आनंदी, पाच लेकरांची आई, पहिल्या वासालाच ताटली घेऊन हजर. दोघींचे गूळपीठ असे, की एकीच्या घरचे मीठ संपले तर दुसरीला आधी कळायचे.

मग प्रत्येकाला आपल्या परसात ते झाड हवेसे झाले. लोक बी मागायला येऊ लागले. आता नीरफणसाला बी नसतेच, हे तुम्हाआम्हाला ठाऊक. त्यांना कुठून असणार? फणस म्हटल्यावर आठळ्या हव्यातच. भागू सांगून थकली की यात बी निघत नाही. कुणाचा विश्वास बसेना. ही बाई फळ देण्याआधी आठळ्या काढून घेते अशी कुजबुज गावात सुरू झाली.

पुढे एका वर्षी पावसाने दगा दिला. भात उभ्याउभ्या करपले. भागू रोज दोन-चार फळे वाटायची, पण एक झाड सगळ्या वाडीला कसे पुरणार? उपाशी पोरांच्या रडण्याने आनंदीचे डोके फिरले. ती भागूच्या दारात उभी राहून ओरडली, "बियो खय लपयतंस गो? माझी पोरां उपाशी मरतहत!" भागूने पुन्हा तेच सांगितले. तेव्हा आनंदी बोलू नये ते बोलली. "झाड वांझ, नि धनीणय वांझ!"

भागूने दार लावून घेतले. आनंदीनेही रागाच्या भरात दोन घरांमध्ये गडगा घालायला घेतला. पायासाठी चर खणताना कुदळ कशावर तरी बसली आणि पांढरा चीक वाहू लागला. नीरफणसाचे मूळ तुटले होते. भागू धावत आली. तिने पदर फाडून तुटक्या मुळाला बांधला, वर हळद लावली, आणि तिथेच बसून राहिली. झाडाची पाने पिवळी पडू लागली. राघूची शेवटची खूण जाणार, असेच तिने धरले. गडगा पुरा झाला आणि दोघींचे बोलणे तुटले.

पुढच्या पावसाळ्यात आनंदी परसात तण काढत होती. गडग्याच्या तिच्या बाजूला, जिथे मूळ तुटले होते तिथून, कोवळे कोंब वर आले होते. पाने तीच, पंजासारखी. आनंदी गप्प राहिली असती तर कुणाला कळले असते? पण तिला राहवले नाही. गडग्याला बिलगून ती रडत ओरडली, "भागू! तुझ्या झाडाक पोर झाला गो!"

"इलंय गो, इलंय!" म्हणत भागू धावली. वळसा घालून येण्याइतका धीर कुणाला? तिने हातांनी गडग्याचे खालचे दगड उपसले आणि त्या भगदाडातून सरपटत पलीकडे गेली. त्या कोंबांपाशी दोघी गळ्यात गळा घालून रडल्या.

हे झाड जखमेतूनच पोर देते, हे भागूला त्या दिवशी उमगले. पण मग वाडीला रोपे द्यायची तर नुकत्याच सावरलेल्या या झाडाच्या मुळांवर कोयता चालवायला हवा, तोही आण घेतलेल्या हातानेच. आणि इतके घाव सोसून झाड तगेल याची खात्री कुणी द्यावी? भागू सातेरीपुढे नारळ ठेवून म्हणाली, "आण मी मोडतंय. शिक्षा माका दी, झाडाक नको." मग तिने घरागणिक एक मूळ तोडले. प्रत्येक घावाआधी मुळावर डोके टेकले आणि प्रत्येक घावावर हळद लावली. वर्षभर ती झाडाखालीच झोपली म्हणे.

झाड तगले. रोपे वाडीभर गेली. त्यांच्या सावलीत माती धरली, विहिरीचे पाणी वैशाखापर्यंत पुरू लागले, आणि श्रावणात पुन्हा कुणी उपाशी झोपले नाही. भागू म्हातारी होऊन सुखाने गेली. नंतर एका वादळात ते मूळ झाडही पडले.

आजही इथे नीरफणसाचे रोप विकत मिळत नाही. नारळ आणि खण घेऊन यावे लागते, लेकीला मागणी घालायला येतात तसे. मुळावर पहिला कोयता घालण्याचा मान मूलबाळ नसलेल्या बाईचा. आनंदी जे बोलली तो शब्द या वाडीत आम्ही तोंडातून काढत नाही. गोष्टीत सांगावा लागतो तेवढाच. आणि आजही पावसाळ्यात कुठल्याही परसात पहिला कोंब दिसला, की बघणारी बाई गडग्याच्या वाटेशी वाकून हाक मारते, "भागू, तुझ्या झाडाक पोर झाला गो!" पलीकडच्या बाईचे नाव काहीही असो, ती हातातले काम टाकून उठते आणि ओ देते, "इलंय गो, इलंय!"