तिसरी हाक

तळं आणि टेकडी यांच्या मधोमध एक माळ होता, आणि त्या माळावर कुणाचंच राज्य नव्हतं.

टेकडीपलीकडचं रान वणव्यात जळून गेलं होतं. बिळं शाबूत होती, पण बिळांच्या तोंडाशी उगवणारं काही उरलं नव्हतं. तिथली साळिंदरं, उंदीर आणि त्यांची पिल्लं जमिनीच्या पोटात उपाशी बसून होती. तळ्याकाठच्या गवताला मात्र त्या साली दाणा उदंड धरला होता. तळ्यावरच्या पक्ष्यांनी सभा घेतली. बोलता बोलता एकदोघांचा गळा भरून आला, आणि ठरलं, की दाणे पलीकडे पोचवायचे.

आता पोचवायचे म्हणजे कुणीतरी ते उचलायला हवेत. पक्ष्यांनी पळसाच्या पानांत मोटल्या बांधून पाहिल्या. पण मोटली उचलली तर पंख चालेनात, आणि पंख चालवले तर मोटली सुटे. मग माळाच्या कडेला राहणारे पायांचे प्राणी कामाला घेतले गेले. एक साळिंदर, एक मुंगशीण, दोन घोरपडी, तीन ससे, अशा सात पाठी. त्यांच्या राखणीला बारा बगळे. पाठी खालून चालायच्या आणि बगळे या खडकावरून त्या खडकावर, कडेकडेनं, त्यांच्यासोबत सरकायचे. प्रत्येक मोटलीवर एक पांढरं पीस खोचलेलं असे. माळावरच्या लांडग्यांचा जुना दंडक होता, की ओझं वाहणाऱ्याला दात लावायचा नाही. पीस बघून ते मान वळवत.

पुढे रानकुत्री आली. ती कुठून आली हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तो दंडक मात्र त्यांनी ऐकलेला नव्हता. एके सकाळी त्यांनी एका बगळ्याला खडकावरून खाली ओढलं. तळ्यावर दोन दिवस कुणी मासा धरला नाही. तिसऱ्या दिवशी सभा भरली, गेलेल्या बगळ्याच्या जागी दुसरा नेमला गेला आणि ठरलं, की या कामाला एक राखणदार हवा, ज्याला धोका आधी कळेल.

“हिच्याइतकं घाबरट दुसरं कोण आहे आपल्याकडे?” असं म्हणून कुणीतरी टिटवीकडे बोट दाखवलं. सगळे हसले. हसू ओसरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की ही गोष्ट खरी आहे.

टिटवी वाळकं पान घरंगळलं तरी दचकायची. स्वतःच्या सावलीनं मान वळवली की तिला वाटे, मागे कुणीतरी आहे. आजवर या स्वभावाची तिला लाजच वाटत आली होती. आता त्याच स्वभावासाठी आपली नेमणूक झाली, याचं तिला नवल वाटलं. थोडा आनंदही झाला, आणि त्या आनंदानंही ती जराशी दचकली.

नियम तीन हाकांचा होता. पहिली हाक म्हणजे थांबा. दुसरी हाक म्हणजे ओझं खाली ठेवा आणि दबून बसा. तिसरी हाक म्हणजे माळ सोडा. हाक फक्त टिटवीनं द्यायची, आणि हाक आल्याशिवाय कुणीही माळ सोडायचा नाही. सभेचा मुख्य करकोचा होता. त्याला सगळे अण्णासाहेब म्हणत. त्यानं तळ्यातल्या बेटावर या नियमाचा सराव घेतला. टिटवीनं तिसरी हाक दिली, आणि बारा पांढरे पंख एकाच क्षणी आभाळात गेले. इतकं सुंदर दृश्य तळ्यानं पूर्वी पाहिलं नव्हतं. बदकांनी पंख आपटून दाद दिली. सात पाठीवाले सरावाला नव्हते, कारण बेटावर चालत जाता येत नाही.

त्या ऋतूत टिटवीला तिसरी हाक दोनदा द्यावी लागली. दोन्ही वेळा तिला गवतात लालसर काहीतरी हललेलं दिसलं, दोन्ही वेळा बगळे उडाले, आणि ती त्यांच्या पाठोपाठ तळ्यावर आली. उतरल्यावर तिनं मोजणी केली. बारा उडाले, बारा उतरले. अण्णासाहेबांनी सभेला सांगितलं, “सर्व सुखरूप.” तिची पाठ थोपटली गेली.

दुसऱ्यांदा तिसरी हाक दिल्यानंतरच्या फेरीत मोटल्या बांधताना तिची नजर सहज पाठींवरून फिरली. साळिंदर, मुंगशीण, एक घोरपड, दोन ससे. तिनं पुन्हा मोजलं. पाच.

“गुणाक्का,” तिनं मुंगशिणीला विचारलं, “आज बाकीचे दोघं नाही आले?”

गुणाक्का आपली मोटली पाठीवर ओढून घेत होती. तिचा मागचा एक पाय टेकत नव्हता.

“नाही आले.”

“आजारी आहेत का?”

“अगोबाई!” गुणाक्का साळिंदराकडे वळली. “ऐकलंत का मामा? विचारतेय, आजारी आहेत का!”

साळूमामा आपल्या मोटलीची गाठ तपासत राहिला. माळावरचा तो सगळ्यात जुना प्राणी होता आणि पाठींच्या रांगेत नेहमी पुढे असायचा.

“परवा तिसरी हाक दिली होती मी,” टिटवी म्हणाली. “वेळेवर दिली होती. तुम्हाला ऐकू आली नाही का?”

“न यायला काय झालं?” गुणाक्का म्हणाली. “टेकडीपलीकडे गेली असेल. आवाज छान आहे तुमचा, बाई. आता एवढं सांगा, माळ सोडायचा म्हणजे आम्ही नेमकं काय फडफडवायचं?”

दोन्ही ससे फिस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. टिटवीच्या डोळ्यांपुढे बेटावरचा सराव आला, पंखांचा तो एकच आवाज आला. आणि तिच्या ध्यानात आलं, की तिसऱ्या हाकेनंतर माळावर काय होतं ते तिनं कधी पाहिलंच नाही. त्या वेळी ती स्वतः आभाळात असते.

एकदा मनात शिरलेला प्रश्न तिला बसू देईना. भीती तर होतीच. पण भीतीच्या आत आणखी काहीतरी होतं, बारीक, टोचणारं, आणि ते भीतीपेक्षा चिवट निघालं. फेरी नसलेल्या दिवशी उन्हं वर आल्यावर ती साळूमामाकडे गेली.

“मामा, मागच्या हाकेची जागा दाखवाल?”

“उडत येणार का चालत?”

“चालत.”

मामानं तिच्या काटकुळ्या पायांकडे पाहिलं, आणि चालू लागला.

वरून माळ नेहमी सपाट आणि पिवळा दिसे. खालून तो भलताच निघाला. गवत तिच्या डोक्यावरून जात होतं. दोन पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आपण रोज ज्याला वाट म्हणतो ती गवतातली एक चीर आहे, आणि त्या चिरेला चार ठिकाणी फाटे फुटतात, हे तिला नव्यानं कळलं. ती दर काही अंतरावर दचकत होती. मामा प्रत्येक वेळी थांबे, ती सावरेपर्यंत वाट बघे, आणि पुढे निघे.

त्या जागी मोटलीची फाटकी पानं पडली होती. टिटवीनं तिकडे फार वेळ पाहिलं नाही. तिचं लक्ष जरा पलीकडे गेलं. तिथलं गवत दबलं होतं. शेजारी शेजारी पाच-सहा खळगे, अंग टेकून बसल्यावर पडतात तसे. तिनं जवळ जाऊन चोचीनं चाचपलं. गवत पार मुळापर्यंत चेपलं होतं, आणि खालच्या मुंग्यांनी आपली वाट खळग्यांना वळसा घालून नेली होती.

“मामा, रानकुत्री पुष्कळ वेळ बसली होती इथे.”

“हं.”

“म्हणजे आपण यायच्या आधीपासून?”

“आधीपासून.”

“मग आपण समोरून जात असताना का नाही आली अंगावर? इथून तर चार उड्यांचंही अंतर नाही.”

मामा खळग्याच्या कडेला बसला. “त्यांचा एक गडी काणा आहे, पाहिलात? त्यांनी तो बगळा ओढला ना, त्या दिवशी शेजारच्या बगळ्यानं चोच मारली. थेट डोळ्यात. तेव्हापासून बारा चोची खडकांवर असताना ती जागची हलत नाहीत. जनावर आहे, मूर्ख नाही.”

“मग कशाची वाट बघतात?”

मामाचे काटे हळूच सळसळले. राग आला की सळसळतात तसे ते नव्हते.

“हाकेची,” तो म्हणाला.

टिटवीला आधी समजलंच नाही. मग एकेक करून कळत गेलं. तिला जे लालसर हलताना दिसलं, ते मुद्दाम दिसेल असंच हलवलेलं होतं. मग तिची हाक. मग मैलभरावरून दिसणारे, आभाळात चढणारे बारा पांढरे पंख. राखण उठली, खाली पाठी उरल्या, हे सगळ्या माळाला कळावं असा याहून मोठा निरोप कुणी दिला नसता.

“आधी का नाही सांगितलंत?”

“कुणी विचारलं नव्हतं,” मामा म्हणाला. “आणि काम सोडलं तर पलीकडची पिल्लं मरतात. माझ्या बहिणीचं घर तिकडेच आहे, बाई.”

टिटवी त्याच दुपारी अण्णासाहेबांकडे गेली. करकोचा एका पायावर उभा राहून ऐकत होता. तो वाईट नव्हता. वणव्याच्या सभेत ज्यांचा गळा भरून आला होता, त्यांत तोही होता.

“गेले ते वाईट झालं,” तो म्हणाला. “पण बाई, मोजणी मंडळींची असते. पाठीवाले मंडळींत नाहीत.”

“पण माळावर तेही असतात.”

“ते तिकडचेच आहेत. त्यांना वाटा ठाऊक, बिळं ठाऊक. आपल्यापेक्षा ते जास्त सुरक्षित.”

“सातांतले दोन गेले, अण्णासाहेब. बारांतला एकही नाही.”

करकोच्यानं पाय बदलला. “त्यांना मोजणीत धरलं, तर ‘सर्व सुखरूप’ म्हणता येणार नाही. मग सभा घाबरेल. सभा घाबरली तर फेऱ्या बंद होतील. तुम्हाला हे हवंय का?”

तिला ते नको होतं. तिला काय हवंय ते सांगता येईना, म्हणून ती परत आली. रात्रभर तिला जागच होती, पण त्यात नवीन काही नव्हतं.

पुढची फेरी निघाली तेव्हा पाच पाठींवर सातांचं ओझं होतं. सूर्य माथ्यावर आला, आणि खडक जिथे संपतात त्या टप्प्याच्या अलीकडे टिटवीला गवतात लालसर काहीतरी हललेलं दिसलं.

तिचा गळा आपोआप फुगला. आयुष्यभर जे तिच्या हातात नव्हतं ते वर येऊ लागलं. तिनं खाली पाहिलं. गुणाक्का तीन पायांवर उभी होती. पाचही जण मान वर करून तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात आशा नव्हती. पाऊस कुठल्या बाजूनं येणार हे बघावं, तसे ते बघत होते.

टिटवी खडकावरून खाली उतरली आणि साळूमामाच्या शेजारी जमिनीवर उभी राहिली.

“बाई!” बगळ्यांचा नाईक खडकावरून कुजबुजला. “दिसताहेत मला! सहा आहेत! हाक द्या!”

“देत नाही.”

“अहो, डोकं फिरलं का? घाबरायचं तेव्हा घाबरत नाही म्हणजे काय?”

“घाबरलेय,” टिटवी म्हणाली. “इतकी कधीच घाबरले नव्हते. पण नाईक, तुम्ही उडेपर्यंत ती उठत नाहीत. दोन्ही वेळा असंच झालं. त्यांना चोची नकोत, पाठी हव्यात.”

“आणि तुमचं चुकलं तर?”

“तर मी खालीच आहे.”

नाईकानं आभाळाकडे पाहिलं. ते अगदी जवळ होतं. एक झेप, आणि तो तळ्यावर असता. पण हाक आलेली नव्हती, आणि हाकेवाचून माळ सोडणारा बगळा तळ्यावर आजवर निघाला नव्हता.

“पुढे खडक नाहीत,” तो म्हणाला. “पुढे काय करायचं?”

“चालायचं. पंख मिटून. दोन्ही बाजूंनी.”

बारा बगळे एकामागून एक खाली उतरले. त्यांच्या माना गवतावर कशाबशा दिसत होत्या. साळूमामानं पाऊल उचललं. त्याच्या डावीकडे टिटवी, उजवीकडे नाईक, मागे चार पाठी आणि त्यांच्या दोहो अंगांना चोची. टिटवीच्या गळ्यात ती हाक पूर्ण वेळ बसून होती आणि ती दर पावलाला तिला गिळत होती. गवतातल्या खळग्यांपासून ती दोन हातांवरून गेली. तिनं कान पाहिले, ओलं नाक पाहिलं, काण्याचा मिटलेला डोळा पाहिला. उघडा डोळा तिच्याकडे नव्हता. तो आभाळाकडे लागला होता. सहाही रानकुत्री माना वर करून पंख उठायची वाट बघत होती. रांग पुढे गेली, झुडपांत शिरली, दिसेनाशी झाली. ती आपली वरच बघत राहिली.

उन्हं कलताना पाचही मोटल्या टेकडीपलीकडे उतरल्या. बिळांतून पिल्लं बाहेर आली. टिटवीनं मोजणी केली, आणि या वेळी तिला सतरापर्यंत मोजावं लागलं; अठरावी ती स्वतः.

नाईक मात्र एका ढेकळावर मटकन बसला होता. त्याचे दोन्ही पंजे सुजून लाल झाले होते आणि त्यांत बाभळीचे, बोरीचे काटे आरपार घुसले होते. फेऱ्या सुरू झाल्यापासून तो या माळावर येत होता. त्यानं आधी पायांकडे पाहिलं, मग आपण आलो त्या वाटेकडे.

“मामा,” तो म्हणाला, “हे काटे इथे कधीपासून आहेत?”

साळूमामाच्या दातांत त्याच वेळी काटा धरलेला होता, म्हणून त्याला बोलता आलं नाही. त्यानं तो हळूच उपसला, बाजूला थुंकला, आणि म्हणाला, “दुसरा पाय द्या, नाईक.”