क्लेदनाला मिळालेला शाप

पूर्वी कृतयुगात, जेव्हा मृत काष्ठाला क्षय ठाऊक नव्हता आणि वठलेले वृक्ष युगानुयुगे जसेच्या तसे उभे राहत, तेव्हा विंध्याच्या पायथ्याशी ऋतंभर मुनींचा आश्रम होता. मुनी देवलोकी गेले, शिष्य दिशादिशांना पांगले, आणि त्यांची पत्नी शुचिव्रता एका वठलेल्या बेहड्यापाशी एकटी उरली. हा वृक्ष हिरवा होता तेव्हा त्यालाच पाठ टेकून मुनींनी आयुष्यभर अध्यापन केले होते. खोडाचा तेवढा भाग झिजून गुळगुळीत झाला होता. सायंकाळी शुचिव्रता तिथे गाल टेकी. मग होमधूमाचा गंध, शिष्यांचा मंत्रघोष, पानगळीत मुनींच्या जटांत अडकलेली पाने, आणि ती काढू गेले की "राहू दे, अजून पुष्कळ गळायची आहेत," हे त्यांचे हसून म्हणणे, सारे तिला पुन्हा भेटत असे.

इकडे वृक्षांना दिलेले सत्त्व परत मिळेना, म्हणून भूमी कृश होत चालली. तिने ब्रह्मदेवाची करुणा भाकली. तेव्हा त्याने क्लेदन नावाचा गण निर्माण करून तिला पुत्र म्हणून दिला. त्याच्या स्पर्शाने मृत लाकूड मऊ होऊन मातीस मिळे. अरण्यामागून अरण्ये मोकळी करीत तो या बेहड्यापाशी आला आणि नेमका त्या गुळगुळीत जागी त्याने हात ठेवला.

शुचिव्रता क्रोधाने धावली. "अधमा, माझ्या पतीची उरलीसुरली खूण गिळायला आलास? ज्या खोडाला हात लावलास त्यालाच चिकटून राहा! तुला ना पान फुटो, ना फूल!"

तत्क्षणी क्लेदनाचा देह लोपला, आणि खोडातून काष्ठासारखे कठीण, तपकिरी, अर्धचंद्राकार अळंबे बाहेर आले.

तोच अस्थिपंजर झालेली भूमी प्रकट झाली. "शुचिव्रते, तू माझ्या पुत्राला शापिलेस."

"मग मी काय करावे, माते? माझ्याजवळ दुसरे उरले आहे काय?"

"या वृक्षाखाली दरवर्षी बिया रुजल्या. त्यांतले एक तरी रोप मोठे झालेले पाहिलेस?"

शुचिव्रतेला ती रोपे आठवली. त्या रोपांना मुनी ओंजळीने पाणी घालीत. ती सुकली की दिवसभर कोणाशी बोलत नसत. एवढी एकच आठवण तिने इतकी वर्षे दूर सारली होती.

तिने अळंब्यावर हळुवार हात ठेवला. "वत्सा, तपस्विनीची वाणी माघारी फिरत नाही. परंतु पाने गळणाऱ्या वृक्षांवर तुझा वास राहो, तुझे कर्म अखंड चालो, आणि तू जी माती करशील तिच्यात अंकुर जगोत."

पुढे ती गुळगुळीत जागाच सर्वांआधी भुसभुशीत झाली. शुचिव्रता त्या दिवशी पोटभर रडली, पण तिने अळंब्याला नख लावले नाही. यथाकाळ बेहडा कोसळला, मातीत विरला, आणि त्या मातीत उगवलेल्या रोपांना पाणी घालीतच ती वृद्ध झाली.

तेव्हापासून पानगळीच्या अरण्यात जीर्ण खोडांवर क्लेदन अर्धचंद्ररूपाने राहतो, आणि मेलेला वृक्ष भूमीला परत मिळतो.