राजांची जीप आणि चामड्याची वाटी

उंबरगडच्या रणधीरराजांची जीप बिघडली आणि राज्यातली वीस धडधाकट माणसं ती ढकलायला जुंपली गेली!

तशी जीप सुरू व्हायची, गुरगुरायची. पण ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला रे ठेवला, की ठसका लागल्यासारखी खोकायची आणि गप्प! दोष होता कार्बोरेटरमध्ये. आत पेट्रोल पुढे ढकलणारा एक दट्ट्या असतो आणि त्या दट्ट्याला चामड्याची इवलीशी वाटी. ती वाळून चिरली होती. भाग केवढा? चार आण्याच्या नाण्याएवढा! पण जीप जुनी, रानडुकरांमागे डोंगरदऱ्या धुंडाळून म्हातारी झालेली. तिची कंपनी बुडून चाळीस वर्षं उलटली होती.

"मला अस्सल भाग हवा!" राजे गरजले. "गाडीबरोबर कंपनीतून येतो तसाच! घडवलेला, जुळवलेला चालणार नाही!"

दिवाणसाहेबांनी चारी दिशांना माणसं धाडली. एकाने भंगारबाजारातून ट्रॅक्टरचा भोंगा आणला. दुसऱ्याने बंद कारखान्याच्या दारावरची पाटीच उपटून आणली. कंपनीचं नाव तेवढं तिच्यावरच उरलं होतं! तिसरा तीन महिन्यांनी आला तो लग्न करून. भाग मिळाला नाही, असं त्याने लाजत लाजत सांगितलं.

पण म्हणून राजांचा रुबाब कमी होऊन कसं चालेल? जीप रोज निघायचीच. मागून वीस जण ढकलायचे आणि पुढे राजांशेजारी बसून दरबारचा गवई तोंडाने "घुर्रर्र" करायचा! चढ आला की आवाज वरच्या पट्टीत न्यावा, असा त्याला हुकूम होता.

त्या विसांत हौसाचा नवरा भिवाही होता. हौसा गावोगाव फिरून स्टोव्ह दुरुस्त करायची. घरची बाजरी कापणीला आली होती, पाखरं कणसं फस्त करत होती आणि भिवा रोज सोललेले खांदे घेऊन घरी येत होता. त्यात दवंडी पिटली: दसऱ्यापर्यंत अस्सल भाग मिळाला नाही, तर ढकलणाऱ्यांची वर्षभर सुटका नाही!

"नक्की काय फाटलंय हो त्या गाडीचं?" भिवाच्या खांद्याला तेल लावत हौसाने विचारलं.

"चामड्याची वाटी. एवढीशी. ड्रायव्हरनं दाखवली."

"दट्ट्याला बसणारी?"

"हो."

हौसाला हसूच आलं. स्टोव्हला हवा भरायच्या पंपात अगदी तसलीच वाटी असते, आणि तिच्या पिशवीत त्या डझनभर होत्या!

दुसऱ्या दिवशी जीप देवडीबाहेर आली, तशी हौसा वाटेत आडवी उभी राहिली. "सरकार, भाग आणलाय!"

गवई "घुर्रर्र" करता करता थांबला. राजांनी वाटी चिमटीत धरून पाहिली. "कुठल्या कंपनीची?"

"स्टोव्हची, सरकार."

"स्टोव्हची?" राजांचा चेहरा लालबुंद झाला. "राजाच्या जीपमध्ये चहाच्या स्टोव्हचा वॉशर? अगं बाई, गाडी बाटेल माझी!"

"पण चालेल ना!"

"चालली तरी नकली होईल! जन्मतः जे गाडीबरोबर आलं तेच अस्सल. मागून घडवून बसवलं ते नकली!"

हौसाने पदर खोचला. भिवाचे खांदे समोर दिसत होते. "सरकार, एक विचारू? काल शिकारीच्या मटणातलं हाड कुणी फोडलं?"

"आम्ही! आमच्या दातांनी!"

"ते दात जन्मतः आलेले?"

दिवाणसाहेबांनी डोळेच मिटले! राजांच्या तोंडात कवळी आहे, हे अख्ख्या उंबरगडाला ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती.

"जीभ छाटीन!" राजे ओरडले.

"छाटा, सरकार. पण ती आहे तोवर उत्तर द्या. कवळी दुसऱ्या कुणाची आहे?"

"मुळीच नाही! माझी आहे!"

"मग घडवून बसवलेली?"

"हो... घडवलेलीच."

"तर मग एवढंच सांगा. कवळी तोंडात बसली म्हणून सरकार नकली झाले, की सरकारांच्या तोंडात बसली म्हणून कवळी अस्सल झाली?"

राजांनी जिभेने कवळी चाचपून पाहिली. आणि मग ते असे खदखदून हसले, की कवळीच निसटली! त्यांनी ती वरच्या वर झेलली, जागच्या जागी बसवली आणि पुन्हा हसू लागले.

"कवळी अस्सल! शंभर वेळा अस्सल!" डोळे पुसत ते म्हणाले. "बसव तुझी वाटी!"

हौसाने वाटी तेलात भिजवली, अंगठ्याने तिची कड फुलवली आणि ड्रायव्हरच्या मदतीने दट्ट्याला चढवली. राजांनी पाय दाबला. जीप डरकाळी फोडून अशी सुटली, की सवयीने मागून जोर लावणारे वीसही जण धुळीत उताणे-पालथे पडले!

गावाला तीन फेऱ्या मारून राजे परतले, मिशीत धूळ आणि चेहऱ्यावर पोरासारखा आनंद.

"माग, बाई, काय हवं ते!"

"ही माणसं आत्ताच्या आत्ता शेतावर जाऊ द्या, सरकार."

"सोडली! पण ते त्यांचं बक्षीस झालं. हे तुझं!" राजांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिच्या ओंजळीत ठेवला आणि दिवाणांकडे वळून हुकूम दिला, "लिहा! आजपासून या राज्यात अस्सल काय नि नकली काय, ते हौसाबाई ठरवतील!"