कण्हेरीचा वाळला पाला

त्या वर्षी तुळाजी महाराज माणदेशातल्या खडकेवाडीत, महादेवाच्या देवळात उतरले होते. माळावर कुसळांखेरीज काही नव्हते. देवळाभोवतीचे कण्हेरीचे कुंपण मात्र लालभडक फुलले होते. ते लावले होते देवस्थानचे कारभारी रंगोपंत यांनी. कडू कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत.

ठकू धनगरीण रोज महाराजांसाठी मेंढीचे दूध आणी. तीस मेंढ्या, एवढाच तिचा संसार. रंगोपंत चारचौघांत म्हणत, "महाराज, गाळून घ्या हो. लोकर घशात अडकायची." लोक हसत. महाराज वाटीतला शेवटचा थेंबही पीत.

उत्सव जवळ आला तेव्हा पंतांनी कुंपण छाटून फांद्या पाण्याच्या डोणीपाशी टाकल्या. चार दिवसांच्या उन्हात त्या वाळल्या. दुपारी ठकूच्या मेंढ्या पाण्यावर आल्या, तो पाला त्यांनी चघळला आणि घटकाभरात देवळासमोर एकेक कोसळली. पाय ताठ, तोंडाला फेस.

"हिनेच काही भलते चारले," पंत म्हणाले. "कण्हेर जनावर खात नाही."

तोच डोणीलगतच्या त्यांच्या गोठ्यातून गडी धावत आला. कपिला गाय आडवी झाली होती, आणि तिच्या तोंडातही तोच पाला होता.

महाराजांनी एक वाळले पान उचलले. "हिरवं पान कडू होऊन बजावतं, पंत. वाळलं की कडूपणा सरतो, विष राहतं. झाडाचा दोष नाही. आपण त्याची वाचा तोडली."

मग ते ठकूला म्हणाले, "माय, सांजेला हाक देतेस ना? तशी दे."

"कुणाला देऊ, म्हाराज? समदी गेली की."

"तू दे. ऐकणारा आहे."

ठकूने हाक दिली. पहिली घशातच अडकली, दुसरी फाटली. तिसऱ्या हाकेला म्होरक्या मेंढीचा कान हलला. ती उठली, मागोमाग उरलेल्या एकोणतीसही उठल्या. आणि जिने ती हाक जन्मात ऐकली नव्हती ती कपिला दावे तोडून आली व ठकूच्या खांद्याशी मान घालून उभी राहिली! हे कसे झाले ते सांगायची माझी योग्यता नाही.

पंत महाराजांच्या पायांशी वाकले. ठकूने सकाळी आणलेली दुधाची वाटी महाराजांनी त्या दिवशी तशीच राखून ठेवली होती, ती त्यांनी पंतांपुढे धरली. पंतांनी ते दूध न गाळता घेतले, आणि मग वळून ठकूच्या धुळकट पायांवर डोके ठेवले.