भोकं बुजवणारा ड्रम

हे कुणाला सांगू नकोस, असं गांडूळ म्हणालं होतं. तरी सांगते.

एकदा आमच्या परसात पाण्याचा निळा ड्रम होता. थेंबही गळू न देण्याचा त्याला भारी अभिमान. आईने सालांचं खत करायला त्याला भोकं पाडून आत गांडुळं सोडली, तेव्हा लाजेने त्याने ती चिखलाने बुजवली. आतली सालं सडून घाण वास सुटला.

आई वैतागली. “भंगारवाला आला की देऊनच टाकते!”

ड्रम रडू लागला.

आतून गांडूळ ओरडलं, “अरे शहाण्या, आम्ही गुदमरतोय! भोकं उघड.”

त्याने भीतभीत चिखल सोडला. वारा आत शिरला.

भंगारवाला आला त्या सकाळी आईने झाकण उचललं, तर आतून कोमट वाफ निघाली. चूल नाही, विस्तव नाही! सालांची काळी, भुसभुशीत माती होत होती. आई भंगारवाल्याकडे वळली.

“दादा, हा नाही द्यायचा.”

मी भोकाला कान लावला. ड्रम चक्क श्वास घेत होता, आणि मला हळूच म्हणाला की—

“कुमुद, सालं टाकून ये गं!”

आले, आई! तर तो म्हणाला की आता मला भोकांची लाज नाही वाटत.